न बघितलेल्या सव्वीस संध्याकाळी

सरावलीतल्या त्या तीन मजली चाळीच्या गच्चीवर जायला चौतीस पायऱ्या आहेत. विश्रामने त्या नऊ वर्षं चढल्या. गुडघा धरायला लागल्यापासून तो प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायचा, म्हणजे अडुसष्ट पावलं. गळ्यात दुर्बीण, खिशात वही, वहीला दोऱ्याने बांधलेलं बॉलपेन. गच्चीवर कपडे वाळत घालायचा लोखंडी खांब आहे. त्याला दुर्बीण टेकवली की हात हलत नाही. तिथून पावसाळ्याच्या दिवसांत, दिवेलागणीनंतर, दक्षिणेला वृश्चिकाची नांगी दिसते. नांगीच्या थोडं वर एक तांबूस ठिपका आहे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. त्याला मराठीत नाव नाही. यादीत अक्षरं आणि आकडा आहे, तेवढंच. विश्राम त्याला म्हातारा म्हणायचा.

हा नाद त्याला निवृत्तीनंतर लागला. एकतीस वर्षं त्याने तारापूरच्या एका रसायनाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळला होता. घरी बसून पहिल्याच महिन्यात त्याचं आणि रत्नाबाईचं डाळीतल्या मिठावरून दोनदा वाजलं. तेव्हा तिनेच त्याला पालघरच्या कॉलेजात पाठवलं. तिथले ललित सर रविवारी आकाश दाखवायचे, फुकट. त्या रविवारी पुण्याहून प्रियदर्शिनी नावाची एक संशोधक आली होती. म्हाताऱ्या ताऱ्यांभोवतीच्या धुळीचा अभ्यास करणारी. तिशीची असेल. फळ्यावर तिने एक मोठा गोल काढला आणि म्हणाली, "तारा म्हातारा झाला की फुगतो. बाहेरचे थर त्याला धरवत नाहीत. ते सुटतात, लांब जाऊन निवतात, आणि त्यांची काजळी होते, बारीक रेती होते. असा किती माल दर वर्षाला निघून जातो, ते मला मोजायचंय."

"म्हंजे चिमणीच," विश्राम मागच्या बाकावरून बोलून गेला. लोक हसले.

ती हसली नाही. "चिमणीच, काका. आता मला सांगा, चिमणीचा धूर तुमच्या बाजूला आला तर मागचा दिवा कसा दिसेल?"

"मंद."

"आणि पलीकडे गेला तर?"

"दिवा हाय तसाच."

"तेवढंच बघणारे डोळे मला हवेत. मोठ्या दुर्बिणीला एका ताऱ्याकडे सारखं बघायला सवड नसते. शिवाय पावसाळ्यात ती बंदच असते."

काम सोपं होतं, पण नेमाचं होतं, दर चौथ्या संध्याकाळी. शेजारच्या दोन ताऱ्यांचं तेज नकाशात दिलेलं. त्यांच्याशी ताडून आपल्या ताऱ्याला आकडा द्यायचा. आकडा मोठा तितका तारा मंद. वहीत तारीख, वेळ, कोणत्या दोन ताऱ्यांशी ताडला, आकाश कसं होतं आणि शेवटी आकडा लिहायचा. महिनाअखेर आकडे तेवढे फोनवरून पाठवायचे. म्हातारा साडेसहाच्या आसपास असायचा. सात-साडेसात महिन्यांत थोडा खाली, थोडा वर. विश्रामला त्याची चाल पाठ झाली.

आणि इथेच घोडं पेंड खात होतं.

बॉयलरवर दर तासाला रीडिंग लिहायचं असतं. वाफेचा दाब, पाण्याची पातळी, चिमणीचं तापमान. कागदावर प्रत्येक तासाला एक रकाना. एकतीस वर्षांत रीडिंग चुकीचं लिहिलं म्हणून कोणाला मेमो मिळाल्याचं विश्रामला आठवत नव्हतं. रकाना रिकामा राहिला म्हणून मात्र त्याला स्वतःला दोन मिळाले होते. त्यामुळे सगळेच शिकले. चारचं रीडिंग तीनला लिहायचं. उकाड्यात शिडी कोण चढणार? दाब साडेदहाच असतो, साडेदहा लिहा. बॉयलर कधी फुटला नाही. विश्राम काही कामचुकार नव्हता. भट्टी साफ करायला तो इतरांच्या आधी आत शिरायचा. पण कागदावर त्याने कधी एक रकाना रिकामा ठेवला नाही, आणि याचा त्याला अभिमान होता.

पहिल्या पावसाळ्यात सलग अकरा खेपा तारा दिसला नाही. वहीत अकरा ओळी कोऱ्या. त्या त्याला दातात अडकलेल्या तुसासारख्या सलत राहिल्या. बाराव्या खेपेला तो वर गेला, ढग बघितले, खाली आला आणि लिहिलं, ६.५. दुसऱ्या वर्षी ढग असले तर तो वर जाईनासाच झाला. खिडकीतून बघायचा आणि आकडा टाकायचा. म्हाताऱ्याचा आकडा त्याला माहीतच होता की. शिवाय ललित सर सगळ्यांसमोर म्हणायचे, "नोंदी कशा ठेवाव्यात हे विश्रामकाकांकडून शिका. पावसाळ्यातही खंड नाही." कोणी विचारलं नाही की पावसाळ्यात खंड कसा नाही. विश्रामनेही सांगितलं नाही. ऐकून त्याची मान थोडी ताठ व्हायची. आता ते आठवलं की त्याला स्वतःच्याच मानेची लाज वाटते.

ललित सरांच्या या गटात दातिवऱ्याचा जानू होता. साठी ओलांडलेला, होडीवरचा माणूस, हातांना दोरीचे घट्टे. समुद्रावर दिवे नाहीत, म्हणून त्याला आकाश इतरांपेक्षा चांगलं मिळायचं. पण नोंदी अगदी थोड्या. एखाद्या पावसाळ्यात एक, एखाद्यात तीन. बाकी वेळी फोनवरच्या गटावर त्याचे दोनच शब्द यायचे, दिसला नाय. पोरं त्याची टिंगल करायची, "जानूभाऊंचा तारा नेहमीच सुट्टीवर."

गेल्या ऑगस्टात जानूने एक आकडा पाठवला, ८.१. त्याच महिन्यात विश्रामचे सात आकडे होते, सगळे साडेसहाच्या आतबाहेर.

ऑक्टोबरच्या बैठकीत ललित सरांनी आलेख पडद्यावर लावला. विश्रामच्या ठिपक्यांची सरळ रांग, आणि खाली लोंबकळणारा जानूचा एकटा ठिपका. मागून कोणीतरी म्हणालं, "जानूभाऊ, मासेमारी बंद होती म्हणून दुसराच तारा जाळ्यात घेतलात काय?"

सगळे हसले. जानू उभा राहिला. "मी बगितला तसा लिवला," एवढंच म्हणाला आणि बसला.

विश्राम त्याच्या शेजारी बसला होता. त्याने जानूच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं असं, जानूभाऊ. ढगाच्या फटीतनं नीट नाय दिसत. माणूस हाय, चुकतं."

जानूने खांदा हलवला, हात आपोआप खाली पडला. त्यानंतर तो बैठकीला आला नाही. गटावर त्याचे ते दोन शब्दही यायचे थांबले.

ऑगस्टातल्या त्या संध्याकाळी विश्रामने तारा बघितलाच नव्हता. चूक कोणाची हे सांगायला त्याच्याकडे काही आधार नव्हता. तरी त्याने समजूत घातली. जानू चुकलाच असेल, असं तेव्हा त्याला मनापासून वाटलंही. खोटा आकडा सव्वीसदा लिहिला की लिहिणाऱ्यालाही तो बघितल्यासारखा वाटू लागतो.

फेब्रुवारीत प्रियदर्शिनीचा फोन आला. आवाजात आनंद होता.

"काका, पेपर तयार आहे. पावसाळ्यानंतर मोठी दुर्बीण उघडली ना, तेव्हा आपल्या ताऱ्याभोवती गरम धूळ दिसली. ताजी, दोन-तीन महिन्यांतली. तुमचे आकडे नसते तर ती कुठल्या बाजूला गेली ते कळलं नसतं. तारा मंद झालाच नाही, म्हणजे धुळीचा ढग आपल्या आड आला नाही. त्यावरूनच मी तो किती मोठा आणि किती माल गेला, ते काढलंय."

विश्रामने विचारलं, "आणि जानूभाऊंचा आकडा?"

"पेपर तपासणाऱ्यांनी तेच विचारलंय. मी लिहिलंय, निरीक्षकाची चूक. तुमच्या तीस नोंदी एकीकडे आणि त्यांची एक. फक्त एक करा काका, त्या चार महिन्यांची वहीची पानं फोटो काढून पाठवा. चार दिवसांत. आभारात तुमचं नाव सगळ्यात वर आहे."

फोन ठेवून त्याने वही काढली. गेल्या पावसाळ्यातल्या तीस ओळींपैकी चार भरलेल्या होत्या. जूनच्या सुरुवातीच्या दोन, सप्टेंबरअखेरच्या दोन. त्यांत वेळ, ताडायचे तारे, आकाश, सगळं. बाकी सव्वीस ओळींत तारीख आणि आकडा. एकाच पेनाने, एकाच हाताने, एकाखाली एक. बॉयलरवर काम केलेल्या कोणालाही असं पान लांबूनच ओळखू येतं. ते रीडिंग नव्हे, ते खुर्चीत बसून भरलेलं पान.

आणि असं पान दुरुस्त कसं करतात, तेही त्याला येत होतं. कारखान्यात तपासणी यायची असली की आदल्या दिवशी सगळे हेच करायचे. तीन वेगवेगळी पेनं घ्यायची. एक शाई घट्ट, एक पुसट, एक काळी. दोन ओळी घाईने, एक सावकाश. मध्येच एक खाडाखोड. पानाला चहाचा एक थेंब.

दुपारी जेवून तो पेनं घेऊन बसला. तीन पेनं त्याने वहीशेजारी ओळीने मांडली. पहिल्या ओळीत लिहिलं, वेळ ८.१०, आकाश फाटकं, दोन्ही तारे. अक्षर छान आलं. दुसरी ओळ, वेळ ७.५५. तिसरी. हात जराही थरथरला नाही, गच्चीवर खांब लागायचा तो हात. हे त्याच्या लक्षातही आलं. पण तो थांबला नाही. अकराव्या ओळीपर्यंत गेला.

रत्नाबाई पापडाचं ताट घेऊन उन्हाकडे निघाली होती. त्याच्या खांद्यावरून डोकावली.

"काय लिवतासा येवढं?"

"जुनंच. नीट करतोय."

तिने बोट ठेवून तारीख वाचली. "या दिवशी गच्चीवर? अहो, ही तर नारळी पौर्णिमा. आपण केळव्याला माझ्या भावाकडं नव्हतो का? दोन दिवस छत्री मिटली नाय. नारळ टाकायलाबी तुमी समुद्रावर आलात नाय, पाय भिजतात म्हणून."

त्याने हातातलं पेन खाली ठेवलं.

"मंग वर कोण गेलं होतं?" तिने सरळ विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कोण नाय."

तिने बोट मागे घेतलं. तीन पेनांकडे बघितलं. कारखान्यातल्या माणसाची बायको ती, तिला सांगावं लागलं नाही. "नऊ वर्षं मी तुमचं जेवण झाकून ठेवते," ती म्हणाली, "वर गेलेत म्हणून." आणि ताट घेऊन उन्हात गेली.

विश्रामने पेनांची टोपणं लावली. तिन्ही. मग तो भिंतीकडे तोंड करून पडला. ऊन गच्चीच्या कठड्यावरून उतरलं तरी उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला. सफाळ्यापर्यंत गाडीने, पुढे एसटीने दातिवऱ्याला. फोन करून सांगता आलं असतं, पण फोन बसल्या जागेवरून होतो. बसल्या जागेवरून पुष्कळ झालं होतं.

जानू घरासमोर होता. काठ्यांच्या आडव्या दांड्यांवर बोंबील वाळत लावत होता. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि जोडी दांडीवर टाकायची. त्याने मान वर केली, विश्रामला बघितलं आणि पुढची जोडी टाकली.

"काय बॉयलरवाले. इकडं कुठं?"

"जानूभाऊ, तुमचा आकडा बरोबर होता."

"मला ठावं हाय."

"माझे खोटे होते. मी बगितलंच नव्हतं. घरी बसून लिवले."

जानूचे हात थांबले. "किती?"

"सव्वीस."

"सव्वीस." त्याने मोजल्यासारखं म्हटलं. "आन् बाकीच्या सालचे?"

"पयला पावसाळा निम्मा खरा. मंग सगळे असेच."

दांडीवरून एक बोंबील खाली पडला, तो जानूने उचलला, फुंकला, पुन्हा लावला. मग त्याने पहिल्यांदाच विश्रामला एकेरी हाक मारली.

"विश्राम, त्या सांजेला मी तिथं होतो." त्याने सुरूच्या झाडांकडे हात केला. "सातला गेलो. पाऊस होता. होडीवरचं प्लास्टिक डोक्यावर घेऊन बसलो, पावणेदोन तास. फट पडली दहा मिनिटं. तारा जागेवर नाय असंच वाटलं पयलं. मी बोललो, मी चुकलो. परत बगितला. शेजारच्याशी ताडला, दुसऱ्याशी ताडला. मंग लिवला. आन् तिकडं लोकं हसली."

"हो."

"ती हसली त्याचं काय नाय. कोळ्याला लोकं हसतातच. पण तू माझी समजूत घातलीस."

विश्रामने पायातल्या चपला काढल्या.

"खांद्यावर हात ठेवून," जानू म्हणाला. "घरी येऊन मी दुर्बीण गुंडाळून माळ्यावर टाकली. बोललो, आपले डोळे गेले. चार महिने मी डोळे गेले म्हणून बसलोय, हे सांगू कोनाला?"

विश्राम वाकून त्याच्या पायांना हात लावायला गेला. जानू मागे सरला. "ते नको. माझ्या पाया पडून काय व्हतंय? पुण्याच्या बाईला फोन लाव. इथंच, माझ्यासमोर. आन् आवाज मोठा ठेव."

त्याने फोन लावला. जे जानूला सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. या खेपेला जास्त अवघड गेलं. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"काका," शेवटी प्रियदर्शिनी म्हणाली, "सव्वीसपैकी एकही नाही?"

"एकही नाही."

"काल तुम्ही का नाही सांगितलंत?"

"काल मी ते भरत बसलो होतो. अकरा ओळी भरल्या. तुम्हाला पाठवायला."

हे त्याने सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण मग तेही एक भरलेलं पान झालं असतं.

"जानूकाका तिथे आहेत का? त्यांच्या वहीत काय आहे ते वाचून दाखवा म्हणावं."

जानू आत गेला. पिशवीत गुंडाळलेली वही घेऊन आला आणि शाळेत वाचतात तसं वाचलं. तारीख. आठ वाजून चाळीस. दोन ताऱ्यांची नावं. दोन्ही खेपेला तेवढाच. फट छोटी, आकाश धुतलेलं. आठ पूर्णांक एक.

"म्हणजे ढग आपल्याच बाजूला आला होता," प्रियदर्शिनी हळू म्हणाली. "मी मोजलं त्याच्या कितीतरी पट मोठा असेल. सगळं उलटं करावं लागेल. पेपर थांबवते." मग थोड्या वेळाने, "विश्रामकाका, आभारात तुमचं नाव ठेवता येणार नाही."

"नको."

"आणि नऊ वर्षांच्या नोंदींचं काय करायचं, ते मला आत्ता सांगता येत नाही. ज्या खऱ्या आहेत त्यांच्यावरही आता..." तिने वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरज नव्हती.

"हिवाळ्यातल्या पहाटेच्या आणि उन्हाळ्यातल्या रात्रीच्या बगितलेल्या हायत मॅडम," तो म्हणाला. म्हणताना त्याला कळलं की हे वाक्य आता कोणाच्या उपयोगाचं नाही.

जानूने त्याला चहा विचारला नाही. पण एसटीला वेळ होता, आणि दांडीवर अर्धी टोपली लावायची बाकी होती. विश्राम न विचारता खाली बसला आणि जोड्या अडकवायला लागला. पहिल्या दहा निसटल्या. जानूने बघितलं, म्हणाला, "तोंडात तोंड. शेपटीला धरून काय करतोस?" एवढंच. टोपली संपली तेव्हा एसटी आली.

घरी येऊन त्याने वही उघडली. बॉयलरवर चुकलेला आकडा खोडायची एक रीत असते. गिरगटायचा नाही, पांढरं लावायचं नाही. एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी सही आणि आजची तारीख. त्याने सव्वीस रेघा मारल्या. नंतर भरलेल्या अकरा ओळींच्या मजकुरावरही. मग मागच्या वर्षाची वही, मग त्याच्या मागची. एकशे एकोणनव्वद रेघा झाल्या. पुढच्या बैठकीत त्याने त्या वह्या ललित सरांच्या टेबलावर ठेवल्या आणि काय झालं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ललित सरांनी वह्या उलटून बघितल्या, मिटल्या आणि पुढच्या विषयाकडे वळले. नोंदी कशा ठेवाव्यात याबद्दल त्यानंतर त्यांनी कोणाचं नाव घेतलं नाही.

या पावसाळ्यातही विश्राम वर जातो. कोणी सांगितलेलं नाही. त्याचे आकडे कोणी घेतं की नाही, त्याला माहीत नाही. रत्नाबाई जेवण झाकून ठेवते, पण तो जिन्याकडे वळला की पायऱ्यांवरचा आवाज ऐकत उभी राहते, हे त्याला ठाऊक आहे.

जुलैतल्या एका संध्याकाळी तो छत्री घेऊन खांबाशी उभा राहिला. कारखान्यांच्या बाजूला ढगांचं पोट पिवळं झालं होतं, दक्षिणेला काळोख. फट पडली नाही. खाली येऊन त्याने वहीत तारीख आणि वर गेल्याची वेळ लिहिली. पुढे लिहिलं, दिसला नाही. गटावरही तेच पाठवलं.

दातिवऱ्याहून लगेच उत्तर आलं. जानूने दुर्बीण माळ्यावरून काढली होती. आता विश्रामच्या प्रत्येक नोंदीखाली तो एकच प्रश्न विचारायचा, सगळ्यांना दिसेल असा.

"किती वेळ थांबलास?"

विश्रामने लिहिलं, पाऊण तास. पाठवायच्या आधी त्याने वहीतली वर जायची वेळ बघितली, मग भिंतीवरचं घड्याळ बघितलं. जिना उतरायची पाच मिनिटं वजा केली. लिहिलेलं खोडलं आणि पुन्हा लिहिलं, चाळीस मिनिटं.